कोळंबी मागताना ‘कसली?’ याचं उत्तर देता यावं म्हणून

हर्णैच्या वाळूवर संध्याकाळचा लिलाव चालू असताना मी पहिल्यांदा एकटी मासळी आणायला गेले, तेव्हा एका मावशीला विचारलं, "कोळंबी आहे का?" तिने पाटीवरचा ओला गोणपाट उचलला आणि उलट मलाच विचारलं, "कसली?" पाटीत तीन वेगवेगळे ढीग होते. माझ्या डोळ्यांना तिन्ही सारखेच. एक थोडा मोठा, एक थोडा गुलाबी, एक थोडा बारीक, एवढंच कळलं. मी मोठ्यातला वाटा घेतला, घरी आणून चांगली वीस मिनिटं शिजवला आणि रबरासारखं कालवण सगळ्यांना वाढलं.

माझं माहेर मुरूडकडचं, सासर दापोली तालुक्यातलं. माहेरी ज्याला आम्ही कोलीम म्हणायचो, त्याला इथे ओला जवळा म्हणतात. मालवणची माझी मैत्रीण त्यालाच सुकल्यावर गोलमो म्हणते आणि मोठ्या कोळंबीला सुंगटां. नाव बंदरागणिक बदलतं, पण प्राणी तोच राहतो. म्हणून नावापेक्षा अंग ओळखायला शिका. अंग ओळखता आलं की काय भाव द्यायचा, किती वेळ शिजवायचं, काय सुकवायचं आणि काय त्याच दिवशी संपवायचं, हे सगळं आपोआप सुचत जातं. गेल्या अनेक वर्षांत मी जे हाताने शिकले, ते इथे क्रमाने सांगते.

पहिली पायरी: तीन घराणी वेगळी करा

कोकणच्या समुद्रात जाळ्यात येणाऱ्या, ज्यांना आपण सरसकट कोळंबी म्हणतो, त्यांची तीन घराणी आहेत.

पहिलं जवळ्याचं. शास्त्रीय नाव असेटिस इंडिकस. दोन-तीन सेंटिमीटरचा, फार तर चारपर्यंत जाणारा, काचेसारखा आरपार दिसणारा जीव. ओंजळीत घेतला तर आधी नुसते काळे डोळे दिसतात, शेकडो काळे ठिपके, आणि मग त्यांच्यामागे अंग असल्याचं लक्षात येतं. शेपटीच्या पंख्यापाशी लालसर ठिपका असतो. बाकीच्या कोळंब्यांना चालायचे पाच जोड पाय असतात, जवळ्याला तीनच जोड. हे पिल्लू नाही. पुष्कळ जण समजतात की जवळा म्हणजे कोळंबीचं लहान पोर, मोठा होऊ दिला तर कोळंबी होईल. तसं नाही. तो पूर्ण वाढलेलाच तेवढा असतो. बोंबलासकट कितीतरी मासे याच्यावरच जगतात.

दुसरं घराणं आंबाडीचं. मुंबई-पालघरकडे हिला आंबाड म्हणतात, बऱ्याच ठिकाणी करंदी. अंग नाजूक, गुलाबट, आणि पाय अंगाच्या मानाने खूप लांब, कोळ्याच्या पायांसारखे. करंदी या नावाबाबत मात्र सावध राहा. हे नाव जातीपेक्षा आकाराचं आहे. एखाद्या बंदरावर करंदी म्हणजे ही लांब पायांची, तर दुसऱ्या बंदरावर कुठलीही बारीक कोळंबी. त्यामुळे "करंदी आहे" या उत्तरावर थांबू नका, पाटीत वाकून बघा.

तिसरं घराणं खऱ्या कोळंबीचं. टायगर, पांढरी, चैती, टायनी या सगळ्या यातल्या.

दुसरं आणि तिसरं घराणं वेगळं करायची एक सोपी युक्ती आहे आणि ती शिकायला मला दहा वर्षं लागली. कोळंबी आडवी धरा. शेपटीच्या भागावर कवचाची सहा कडी असतात. खऱ्या कोळंबीत ही कडी कौलारू छपरासारखी बसलेली असतात, पुढचं कौल मागच्यावर, तसंच ओळीने. आंबाडीत दुसरं कडं बाजूने रुंद असतं आणि ते पुढच्या कड्यावरही येतं, मागच्यावरही. एकदा दिसलं की परत विसरत नाही.

दुसरी खूण पोटाखालची. आंबाडीची मादी आपली अंडी पोटाखालच्या पायांना चिकटवून वागवते, त्यामुळे वाट्यात अंडी धरलेल्या कितीतरी सापडतात. खरी कोळंबी अंडी बाळगत नाही, ती सरळ पाण्यात सोडून देते, लाखांच्या घरात. तेव्हा समुद्रातल्या बारीक कोळंबीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस दिसला, तर ती खऱ्या कोळंबीचं पिल्लू नाही, हे पक्कं समजा.

दुसरी पायरी: मोठ्या कोळंबीत कुठली ते ओळखा

इथे डोक्यावरचा करवतीसारखा काटा कामाला येतो. काट्याच्या वरच्या कडेला सगळ्यांनाच दात असतात. नख खालच्या कडेवरून फिरवा. खालीही दात लागले तर ती टायगर किंवा पांढऱ्या कोळंबीच्या गटातली. खालची कड गुळगुळीत लागली तर चैती, टायनी किंवा लाल कोळंबी. (टोचतं, हळू फिरवा. कोळंबीच्या काट्याने झालेली जखम सुजते आणि दोन दिवस ठणकते. लागलंच तर साबणाने धुऊन औषध लावा, तशीच ठेवून मसाला वाटायला बसू नका.)

टायगर सगळ्यांना माहीत असते. अंगावर गडद आडवे पट्टे, भारदस्त शरीर, वीतभरापेक्षा मोठीही मिळते. तिच्यासारखीच दिसणारी आणखी एक येते, व्यापारी तिला फ्लॉवर म्हणतात. फरक मिशांत आहे. टायगरच्या मिशा एकरंगी असतात, फ्लॉवरच्या मिशांवर एकाआड एक पट्टे असतात. चवीला दोन्ही छान, पण टायगरच्या भावात फ्लॉवर घ्यायची का, हे तुम्ही ठरवा.

पांढरी कोळंबी अंगाने फिकट, जरा पिवळसर, मिशा लांब आणि लालसर. माझ्या मते कोकणातली सगळ्यात चवदार मोठी कोळंबी हीच. टायगरचं मांस कणखर असतं, पांढरीचं गोड असतं.

चैती मध्यम आकाराची, गुलाबट. घरच्या रोजच्या कालवणाला हिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. भाव बेताचा, साल सहज निघते, रस चांगला सुटतो.

टायनी हे नाव निर्यातवाल्यांमुळे रुळलं असावं, पण आता रत्नागिरीच्या मिरकरवाड्यावर कोळणीही सर्रास टायनी म्हणतात. बोटाएवढी, तांबूस. मादीच्या डोक्यावरचा काटा लांब आणि टोकाला वर वळलेला असतो, आणि त्या वळलेल्या टोकाला दात नसतात. हिची एक गोष्ट बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे. चैती, टायगर, पांढरी यांची पिल्लं खाडीत येऊन वाढतात. टायनीचं सगळं आयुष्य समुद्रातच जातं, ती खाडीत येत नाही. म्हणून "खाडीची ताजी टायनी" असं कोणी म्हणालं तर हसून पुढे जा.

लाल कोळंबी जरा खोल, चिखलाच्या तळावरून ट्रॉलरच्या जाळ्यात येते. कच्चीच लालसर असते, त्यामुळे नवखे तिला शिळी समजतात. डोळ्यांजवळच्या छोट्या मिशांची जोडी हातात घेऊन बघा. त्या चपट्या, पन्हाळीसारख्या असतात. चिखलात पुरून घेतल्यावर त्या जोडून तिची श्वासाची नळी होते. मांस मऊ, पाणी जास्त. तळायला घेऊ नका, आमटीत घाला.

नद्यांत आणि खाडीच्या वरच्या टोकाला निळ्या लांब नांग्यांची मोठी झिंगा मिळते, ती गोड्या पाण्यातली, या लेखाच्या बाहेरची. आणि शेवंड (लॉब्स्टर) ही कोळंबीच नाही, तिच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

तळ्यातली की समुद्रातली

आता बाजारात सगळ्यात जास्त गोंधळ व्हेनामीने केला आहे. ही मूळची अमेरिकेच्या प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरची कोळंबी. भारतात २००९ पासून तिच्या शेतीला रीतसर परवानगी मिळाली आणि आता तळ्यांतून निघणारी बहुतेक कोळंबी तीच असते. कोकणातही तिची तळी आहेत. ती खाण्यात वाईट काही नाही. पण समुद्रातली म्हणून समुद्रातल्या भावाने कोणी ती देत असेल, तर ती ओळखता आलीच पाहिजे.

मी चार गोष्टी बघते. सगळ्या अगदी एका मापाच्या असतील, जणू साच्यातून काढल्या, तर शंका घ्या. समुद्राच्या वाट्यात लहान-मोठं मिसळलेलं असतं, मध्येच एखादी मांदेली, एखादा चिमुकला खेकडा, एखादी दुसऱ्याच जातीची कोळंबी निघते. व्हेनामीचं अंग पांढुरकं, साल पातळ, पाय पांढरट असतात. आपल्या पांढऱ्या कोळंबीच्या मिशा लाल आणि लांबलचक असतात, व्हेनामीच्या त्या मानाने फिक्या. आणि शेवटी मोसम. भर पावसात समुद्र बंद असताना किलोच्या किलो एकसारखी कोळंबी दिसली, तर ती तळ्यातली किंवा बर्फातली.

कधी, कुठे आणि कशा जाळ्यातली

कोळंबीचं वर्ष समजून घेतलं तर खरेदीचं अर्धं काम होतं. बहुतेक मोठ्या जाती समुद्रात अंडी सोडतात. पिल्लं भरतीबरोबर खाड्यांत शिरतात, तिवरांच्या मुळांत काही महिने खाऊन-पिऊन वाढतात आणि परत समुद्रात जातात. पहिल्या मोठ्या पावसाने खाडीचं पाणी गोडं झालं की त्यातल्या पुष्कळ बाहेर पडतात. बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, आचरा या खाड्यांच्या काठचे लोक पिढ्यान्‌पिढ्या पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकून यांतलीच कोळंबी धरतात. बहुतेकींचं आयुष्य सगळं मिळून वर्षा-दीड वर्षाचं. खाडीची कोळंबी लहान असते ती म्हणूनच, ती अजून वाढती असते.

तिवरं तोडून जिथे भराव पडला, तिथे पागात काही येईनासं होतं. हे मी माहेरच्या खाडीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. माझे काका ओहोटीला गुडघाभर चिखलात उभे राहून पाग फेकायचे, घरापुरती कोळंबी घेऊन यायचे. आता तिथे पाग घेऊन कोणी जात नाही.

१ जूनपासून यांत्रिक बोटी बंद होतात आणि पावसाळ्याचे दोन महिने तरी समुद्र विश्रांती घेतो. बोटी पुन्हा निघाल्यावरचे पहिले काही आठवडे कोळंबीसाठी चांगले. थंडीतही चांगली मिळते. या बंदीत ताजं हवंच असेल तर खाडीत बिनइंजिनाच्या होडीने किंवा पागाने धरलेलं घ्या.

जवळा आणि आंबाड मुख्यतः डोलीत येतात. डोल म्हणजे समुद्रात रोवून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं. तोंड प्रवाहाकडे, भरती-ओहोटीचं पाणी जे आणेल ते आत. त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ असते तेव्हा डोल भरते आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ नसते तेव्हा, रिकामी येते. कॅलेंडर बघून ओला जवळा आणायला जा, उगाच गाडीभाडं वाया घालवू नका. डोलीचं राज्य पालघर, मुंबई, रायगडकडे, कारण तिथे भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो. दक्षिणेला तो कमी होत जातो. सिंधुदुर्गात मग रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) आणि ट्रॉलर.

डोलीतली कोळंबी पाण्याने जाळ्यात आणलेली असते, फारशी चिरडलेली नसते. ट्रॉलमधली तासन्‌तास ओढली गेलेली असते, वर मासळीचा ढीग. दोन्ही बोटी एकाच वेळी लागल्या असतील तर मी आधी डोलवाल्याकडे जाते.

तिसरी पायरी: पाटीसमोर उभं राहून काय बघायचं

आधी डोकं. ताज्या कोळंबीचं डोकं घट्ट बसलेलं असतं. दोन बोटांनी हलकेच ओढलं आणि लगेच सुटलं, तर ती जुनी. डोकं आणि धड यांच्या सांध्यातून पिवळं-नारिंगी पाणी येत असेल, तरी तेच.

मग काळेपणा. डोक्यावर, पायांच्या मुळाशी, कड्यांच्या काठावर काळसर डाग धरू लागतात. हा सडण्याचा जंतू नव्हे, कोळंबीच्याच अंगातल्या एन्झाइममुळे हवेशी संबंध येऊन सफरचंद काळं पडतं तसं हे होतं. थोडासा काळेपणा असलेली कोळंबी खाल्ली म्हणून कोणी आजारी पडत नाही, पण ती बर्फाशिवाय बराच वेळ राहिली हे त्यातून कळतं. भाव पाडून घ्या किंवा सोडून द्या. उलट, जुनी असूनही एकही काळा डाग नसलेली, पांढरीफटक आणि जरा औषधी वासाची कोळंबी मी घेत नाही. डाग पडू नयेत म्हणून रसायनात बुडवण्याची पद्धत असते.

वास. ताज्या कोळंबीला समुद्राचा, किंचित गोडसर वास असतो. नाकाला झोंबला, अमोनियासारखा वाटला, तर "मावशी, उद्या येते" म्हणून निघा. घासाघीस करू नका, फुकट दिली तरी नको.

अंग. हाताला ताठ लागलं पाहिजे, साल मांसाला चिकटलेली पाहिजे. साल सैल होऊन आत मांस हलत असेल तर नको. कधीकधी डोक्याच्या एका बाजूला गालफुगी झाल्यासारखा फुगवटा दिसतो. आत कल्ल्यापाशी एक परजीवी कीटकासारखा जीव बसलेला असतो. माणसाला त्याचा काही त्रास नाही, डोकं काढलं की तो जातो. माझ्या सासूबाई अशा कोळंबीला "गाल आलेली" म्हणतात आणि बिनदिक्कत साफ करतात.

किती घ्यायची? डोक्यासकट एक किलो मोठ्या कोळंबीचं सोलून साधारण निम्मं मांस हाती येतं. चार माणसांच्या कालवणाला पाऊण किलो पुरते. जवळा आणि बारीक करंदी अख्खी खायची, त्यात वाया काही जात नाही, म्हणून पाव-अर्धा किलोही पुष्कळ होतो. व्यापारी ‘काउंट’ची भाषा बोलतात. चाळीस काउंट म्हणजे किलोला चाळीस. आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी.

आणि एक विनंती. पाटीत नखाएवढी टायगरची, चैतीची पिल्लं विकायला आली असतील तर घेऊ नका. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला आहे, कोळंबीच्या जातीही त्यात आहेत. पण कायदा बंदरावर पोचेपर्यंत आपला हात पोचतो. आपण ती घेतली नाही, तर आणणारा दुसऱ्या दिवशी कमी आणेल. जवळ्याच्या बाबतीत हा प्रश्न नाही, पण जवळ्याच्या ढिगात मासळीची बारीक पिल्लं फार मिसळलेली दिसली तर तोही ढीग मी सोडते.

चौथी पायरी: घरी आणणं आणि साफ करणं

घरून निघतानाच डबा आणि बर्फ घेऊन निघा. जेवढी कोळंबी तेवढाच बर्फ, एक थर बर्फ, एक थर कोळंबी, आणि तळाला पाणी निथळायला जागा. बर्फाच्या पाण्यात कोळंबी पोहत राहिली तर चव पाण्यात उतरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून, दुपारच्या उन्हात एसटीने तासभर आणलेली कोळंबी कितीही ताजी घेतली असली तरी घरी पोचेपर्यंत ती जुनी झालेली असते.

त्या दिवशी शिजवणार नसाल तर डोकी लगेच काढा. डोक्यातल्या पाचक रसांनीच मांस मऊ पडतं आणि काळेपणाही तिथूनच सुरू होतो.

सोलताना डोकं पिळून काढा, मग पायांच्या बाजूने साल उलगडा. पाठीवर उथळ चीर द्या आणि काळा दोरा सुरीच्या टोकाने उचला. ती आतडी, त्यात वाळू असते. मोठ्या कोळंबीत दोरा काढलाच पाहिजे, नाहीतर कालवण दातांखाली कचकचतं. पोटाच्या बाजूने जो पांढरा बारीक धागा दिसतो तो मज्जातंतू, त्याला हात लावायची गरज नाही. आणि पाठीत कधी दोऱ्यापेक्षा रुंद, हिरवट पट्टा दिसतो, डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेला. पुष्कळ मुली तो घाण समजून खरवडून टाकतात. ती गाभोळी, म्हणजे मादीच्या पोटातली अंडी आहेत. शिजली की दाणेदार होते आणि रश्श्याला दाट चव देते. राहू द्या.

करंदी साफ करायची पद्धत निराळी. परातीत घ्या, खाली वर्तमानपत्र पसरा, आणि एकेकीचं डोक्याचं टोक, म्हणजे काटा आणि मिशा, तेवढं चिमटीने तोडा. साल काढू नका. अर्ध्या किलोला पाऊण तास जातो. माझ्याकडे हे काम दोघी-तिघी मिळून होतं आणि गप्पांत वेळ कळत नाही. आंबाडीचे लांब पाय एकमेकींत गुंततात, म्हणून परातीत थोडं पाणी शिंपडलं की सुटं करायला सोपं जातं.

ओला जवळा निवडायचा, त्यातली काटेरी पिल्लं, शिंपलीचे तुकडे, समुद्री गवत काढायचं आणि चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली दोनदा फिरवायचा. चोळायचा नाही, लगदा होतो.

डोकी टाकू नका. कांदा आणि चमचाभर तेल घालून ती परता, तांबडं तेल सुटलं की पाणी घाला, दहा मिनिटं उकळा, गाळा. हे पाणी कोळंबीभातात घातलं की वेगळा मसाला लागत नाही.

फ्रीजरमध्ये ठेवायची असेल तर सोललेली कोळंबी डब्यात ठेवून बुडेल इतकं पाणी घाला आणि तशीच गोठवा. बर्फाच्या आत ती कोरडी पडत नाही. दोन-तीन महिन्यांत संपवा. काढताना आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, गरम पाण्यात टाकू नका.

पाचवी पायरी: कुठली कशात

शिजवण्याचा एकच नियम पाठ करा. कोळंबी सगळ्यात शेवटी घाला. रस्सा पूर्ण तयार, आमसुलं घातलेली, उकळी आलेली, आणि मग कोळंबी. चैतीला तीन मिनिटं, मोठ्या टायगरला पाच. कच्ची असताना जो लाल रंग प्रथिनांत अडकलेला असतो तो उष्णतेने मोकळा होतो, म्हणून ती लाल होते. लाल झाली आणि हलकी वळली की झालं. शेपूट डोक्याच्या टोकाला जाऊन भिडली तर जास्त शिजली. माझं पहिलं कालवण सगळं तसं भिडलेलं होतं.

टायगर आणि पांढरी तव्यावर किंवा रव्यात तळून. चैती आणि टायनी कालवणाला, कोळंबीभाताला. करंदीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे एप्रिलच्या कच्च्या कैरीबरोबरचं सुकं. कांदा भरपूर, हळद, तिखट, कैरीच्या फोडी, वर ओलं खोबरं. बारीक चिरलेला कांदा आणि तांदळाचं पीठ घालून तिची भजीही छान होतात. ओल्या जवळ्याच्या वड्या थापा किंवा नुसत्या लसणीवर परता, पाणी सुटतं ते आटेपर्यंत. भाकरी तांदळाची हवी.

ज्यांना कोळंबीने अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, त्यांनी जवळा, सोडे, सुकी चटणी यांच्यापासूनही लांब राहायचं. त्रास देणारं प्रथिन शिजवून किंवा सुकवून जात नाही. खेकडा आणि शेवंडीनेही त्यांना त्रास होऊ शकतो. पाहुण्यांना वाढण्याआधी विचारून घ्या, कारण वांग्याच्या भाजीत घातलेला मूठभर जवळा वरून दिसत नाही.

सहावी पायरी: सुकवणं आणि आगोट

कोकणात मे महिना म्हणजे आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायची, बेगमी. लाकडं, मीठ, तिखट आणि सुकी मासळी. जवळा वाळवायचा तर पहाटे आलेला, त्याच दिवशी उन्हात पडला पाहिजे. वाळूवर पसरू नका. ताणून बांधलेली जाळी किंवा स्वच्छ खाटेवरचं कापड घ्या, खालूनही वारा लागतो आणि वाळू येत नाही. पातळ थर, दर दोन तासांनी हात फिरवायचा. कडक उन्हात एका दिवसात पुष्कळ वाळतो, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन द्या. मुठीत दाबून सोडला की सुटासुटा झाला पाहिजे, गोळा राहिला तर आत ओल आहे. चार-पाच किलो ओल्याचा एक किलोच्या आसपास सुका होतो, त्यामुळे सुक्याचा भाव ऐकून दचकू नका.

सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. डोकं, साल, दोरा काढून, हलकं मीठ लावून उन्हात. किलोभर सोड्यांसाठी कितीतरी किलो कोळंबी आणि बायकांचे तासन्‌तास लागतात. चांगला सोडा फिकट गुलाबी-नारिंगी असतो, उजेडासमोर धरला तर थोडा आरपार दिसतो, वाकवला तर तुटतो.

एकदा महामार्गावरच्या एका टपरीवरून मी लालभडक, सुंदर दिसणारे सोडे घेतले. घरी कोमट पाण्यात भिजत टाकले आणि पाच मिनिटांत पाणी शेंदरी झालं, सोडे राखाडी. आईसाठी सोड्याची खिचडी करायची होती, ती राहिली. तेव्हापासून घेतानाच पाण्याची बाटली काढते, एक सोडा तळहातावर ठेवून दोन थेंब टाकते आणि अंगठ्याने चोळते. अंगठ्याला रंग लागला तर घेत नाही. विकणारी ओळखीची असेल तर तिला वाईटही वाटत नाही, कारण तिच्या सोड्याला रंग नसतोच.

सुका जवळा विकत घेतला असेल तर आधी चाळणीने चाळा, मग मंद आचेवर खरपूस भाजा, भाजताना तळाशी बसलेली वाळू वेगळी करा, आणि शिजवायच्या आधी पटकन दोन पाण्यांतून काढा. भाजून ठेवलेला जवळा डब्यात जास्त टिकतो. काचेची बरणी किंवा स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, थरांत दोन-चार सुक्या मिरच्या, आणि जूनमध्ये पाऊस लागला की डबा सरळ फ्रीजमध्ये. ओल्या हाताने काढू नका. पांढरी बुरशी किंवा अमोनियाचा वास आला तर सगळाच टाका, वरचा थर काढून खालचा वापरायचा मोह धरू नका.

किती भरून ठेवायचा याचा आमच्या घरचा हिशेब सोपा आहे. आमच्याकडे श्रावण पाळतात, म्हणजे आगोटीचा जवळा आषाढअखेर संपला पाहिजे. जूनच्या पहिल्या पावसापासून गटारीपर्यंतचे आठवडे मोजायचे, आठवड्याला दोनदा चटणी आणि एकदा सोडे धरायचे, आणि त्यावर एक मूठ जास्त, अचानक येणाऱ्या माणसासाठी. नारळी पौर्णिमेनंतर ताजी येतेच.